आजीला उकिडवं बसवता येईल असं सॉफ्टवेअर कोणतं?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. मी कराडला असते, लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. सध्या हातात ३२ पानांची एक चित्रकथा आहे. तिच्यात एक आजी, तिची सहा वर्षांची नात, शेजारची दोन-तीन माणसं आणि एक म्हैस. म्हैस समोरच्या गोठ्यात आहे, बघून काढते. अडलंय माणसांवर.

आजी प्रत्येक पानावर काहीतरी करते आहे. उकिडवी बसून भांडी घासते, विळीच्या पाटावर पाय दाबून भाजी चिरते, मांडी घालून नातीची वेणी घालते, चुलीपुढे वाकून फुंकणीने फुंकते. एकेकटं चित्र बरं उतरतं. पण तिसऱ्या पानावरची आजी आणि अकराव्या पानावरची आजी एक वाटत नाहीत. खांद्यांची रुंदी बदलते, हात लांब होतात. संपादकबाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

म्हणून विचार असा, की आजीची आकृती संगणकावर एकदाच नीट करून ठेवायची. मग हवी तशी बसवायची, हव्या त्या बाजूने बघायची आणि वरून रेघ मीच ओढायची. तयार चित्र मला सॉफ्टवेअरकडून नको आहे, आधार हवा आहे.

डॅझ, मेकह्यूमन, पोझर, क्लिप स्टुडिओ, ब्लेंडर अशी नावं वाचली आणि गोंधळ वाढला. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रंगकाम कृता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. एकदाच पैसे भरायचे असतील तर चालेल, दरमहा नको. वापरलेल्यांनी सांगा.

निळी_शाई

क्लिप स्टुडिओ पेंट. कारण एकच: आकृती थेट तुमच्या कागदावर उभी राहते. दुसरीकडे बनवा, चित्र निर्यात करा, इकडे आणा हा व्याप नाही. साहित्याच्या खिडकीतून बाहुली ओढून कॅनव्हासवर टाकायची, हात धरून हलवायची, वर नवा लेयर घ्यायचा आणि काढायला लागायचं. उंची, खांदे, कंबर, पायांची लांबी यांचे स्लायडर आहेत. एकदा ठरवलेला बांधा जतन करता येतो, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न सुटतो.

विंडोजवर एकरकमी खरेदी मिळते. आयपॅड आणि फोनवर मात्र वर्गणीच. तुम्हाला 'प्रो' पुरे आहे. त्रिमितीच्या आकृतीवरून आपोआप रेघा काढून देणारी सोय फक्त 'ईएक्स'मध्ये आहे, पण रेघ तुम्हीच ओढणार म्हणताय.

आडवा_छेद

निळी_शाई यांच्याशी अर्धा सहमत. ती बाहुली तरुण आहे. सडपातळ, जपानी कॉमिकच्या अंगाने जाणारी. तिला स्थूल करता येईल, बुटकी करता येईल, म्हातारी करता येत नाही. दंडाची लोंबणारी कातडी, पुढे आलेली मान, सुटलेलं पोट हे सगळं तुम्हालाच मनाने भरावं लागेल. आजीच नायिका असेल तर मला हा मोठा उणेपणा वाटतो.

डॅझ स्टुडिओ बघा. सॉफ्टवेअर फुकट आहे, मूळ आकृतीही फुकट. २०२२ला आलेली जेनेसिस ९ ही एकच आकृती, तिच्यातूनच पुरुषही होतो आणि बाईही. सांध्यांचं काम फार सुंदर केलेलं आहे. खर्च पुढे सुरू होतो, कारण वय, चेहरे, कातडी, केस, कपडे सगळं स्वतंत्र विकत. म्हातारपणाचं पॅकेज वेगळं घ्यावं लागेल.

तुमच्या लॅपटॉपबद्दल: त्यातलं आयरे नावाचं रेंडर इंजिन (छाया-प्रकाशासकट पक्कं चित्र तयार करणारा भाग) एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर चालतं. कार्ड नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि एका चित्राला तास जातात. पण तुम्हाला रेंडर हवंच कुठे आहे? साध्या छायांकित दृश्यात आकृती फिरवायची आणि पडद्याचं चित्र घ्यायचं. ते ८ जीबीवर एका आकृतीसाठी रडतखडत का होईना, होतं. एका वेळी चार माणसं मात्र नका आणू.

वाईचे_मास्तर

मी शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवतो. दरवर्षी स्मरणचित्राच्या पेपरला तेच बघतो: बाजार, बसथांबा, पाणवठा सगळं छान आणि माणसं मात्र सगळी उभी, सगळी समोरून, हात अंगाला चिकटलेले. का? कारण मुलांनी माणसं बघितलेली असतात, निरखलेली नसतात.

तेव्हा माझं स्पष्ट मत आहे, आधी घरातल्या माणसाला बसवा आणि महिनाभर रोज दहा रेखाटनं करा. चित्रकार धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं, कोळणी, भाजीवाल्या ज्या सहजतेने काढल्या ती कुठल्या बाहुलीवरून आली नाही. बाहुली तुम्हाला कोन देईल. वजन देणार नाही. उकिडव्या बसलेल्या बाईचं सगळं वजन तळपायाच्या मागच्या भागावर कसं येतं, हे बाहुलीला माहीत नसतं.

निळी_शाई

मास्तर, आदर आहेच. पण कोरा_कागद रेखाटता येत नाही असं म्हणतच नाहीयेत. ३२ पानं एकसारखी ठेवायची आहेत. मोठे स्टुडिओ हातात फिरवून बघायला पात्रांच्या मातीच्या मूर्ती करून ठेवायचे, त्याचाच हा प्रकार.

वाईचे_मास्तर

मातीची मूर्ती म्हणालात तर मग माझा विरोध संपला. ती मी स्वतः करतो.

गेरू

मी मेकह्यूमन + ब्लेंडर गटातली. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्तस्रोत.

मेकह्यूमन हे फक्त माणूस घडवायचं सॉफ्टवेअर. वयाचा स्लायडर १ ते ९० वर्षांपर्यंत जातो. आजीही त्यातूनच, नातही त्यातूनच. लिंग, वजन, स्नायू, उंची आणि मग नाक, हनुवटी, कपाळ, कान यांचे शेकडो बारीक स्लायडर. जुन्या मशीनवर सहज चालतं.

दोन गोष्टी आधीच सांगते. पहिली म्हणजे वंशाचे तीन स्लायडर आहेत: आफ्रिकी, आशियाई, कॉकेशियन. आपण भाबडेपणाने 'आशियाई' पूर्ण ओढतो आणि चेहरा जपान-कोरियाकडे जातो. आपल्याकडचा चेहरा हवा असेल तर तिन्ही थोडे थोडे मिसळा आणि मग नाक-डोळे हाताने बसवा. मला घाटावरची म्हातारी साधायला दोन संध्याकाळी लागल्या, पण साधली.

दुसरी म्हणजे मेकह्यूमनमध्ये आकृती घडते, पण हातपाय धरून हवी तशी बसवता येत नाही. त्यासाठी ब्लेंडर. आता तर 'एमपीएफबी' नावाचं एक्स्टेन्शन आहे, त्याने मेकह्यूमनची सगळी करामत थेट ब्लेंडरच्या आत येते. नव्याने शिकणार असाल तर तिथूनच सुरुवात करा.

आणि निवड करायची माझी कसोटी सांगते. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, पहिल्या अर्ध्या तासात त्यातल्या माणसाला उकिडवं बसवा. टाचा जमिनीला टेकवून. तयार मिळणाऱ्या बहुतेक पोझ चवड्यावर बसलेल्या असतात, टाचा वर. खुर्चीवर बसणाऱ्यांच्या जगात तयार झालेल्या वस्तू आहेत या. उभं राहणं, चालणं, धावणं, खुर्चीत बसणं, गाडी चालवणं याच्या शेकडो तयार पोझ मिळतात, विळीवर बसायची एकही नाही.

बिट्टू_ब

मेटाह्यूमन वापरा ना! सुरकुत्या, डोळ्यांतलं पाणी, सगळं खरं वाटतं.

आडवा_छेद

मेटाह्यूमन अनरियल इंजिनसाठी, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरसाठी आहे. ते बनवणाऱ्या एपिक कंपनीने २०२१ मध्ये आणलं तेव्हा ब्राउझरमध्ये चालायचं आणि शरीरं तयार १८ मधूनच निवडावी लागायची. २०२५ मध्ये अनरियल ५.६ बरोबर ते इंजिनच्या आत आलं आणि शरीरही हवं तसं घडवता यायला लागलं. चेहऱ्याच्या बाबतीत त्याला तोड नाही. पण वेगळं कार्ड नसलेल्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर अनरियल उघडायला सांगणं म्हणजे बैलगाडीला ट्रकची ट्रॉली जोडणं. शिवाय मुलांच्या पुस्तकातल्या रेघेच्या चित्राला कातडीवरची छिद्रं काय कामाची?

बिट्टू_ब

मान्य. मी गेमचा विचार करत होतो.

जुना_खडू

पोझरचं नाव धाग्यात आलंय म्हणून लिहितो. मी ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी जाहिरात कंपनीत वापरलंय. १९९५ मध्ये पहिली आवृत्ती आली. करणारे लॅरी वाइनबर्ग, त्यांची कल्पना अगदी साधी होती: चित्रकाराच्या टेबलावरचा लाकडी सांध्यांचा पुतळा संगणकात आणायचा. म्हणजे कोरा_कागद यांची गरज हीच या सगळ्या शाखेची मूळ गरज आहे.

त्या काळी स्टोरीबोर्डाला चार माणसं उभी करायला आमचा अर्धा दिवस वाचायचा. पोझर आजही मिळतं, २०१९ पासून नव्या मालकांकडे आहे आणि एकरकमी विकत घेता येतं. पण आज शून्यातून सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. सगळं सामान आणि सगळी माणसं डॅझ आणि ब्लेंडरकडे गेली. अडल्यावर उत्तर देणारं कुणीतरी हवं असतं.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री गेरूताईंचं ऐकून मेकह्यूमन घेतलं. आजी झाली! अजून आमच्या आजीसारखी नाही, पण कुणाची तरी आजी नक्की आहे. मग ब्लेंडरमध्ये नेऊन उकिडवं बसवलं आणि गुडघे चपटे झाले, पोटऱ्या मांड्यांच्या आरपार गेल्या, पाठीमागून बघितलं तर काहीतरी चुरगळलेल्या पिशवीसारखं. माझं काही चुकलं का?

शून्य_एक_शून्य

तुमचं काही चुकलेलं नाही. हे होणारच होतं, आणि का होतं ते कळलं तर निवड सोपी होईल.

या आकृत्यांच्या आत हाडांचा सांगाडा असतो आणि वर कातडीची जाळी. जाळीतल्या प्रत्येक बिंदूवर कोणत्या हाडाचा किती हक्क, हे आधी ठरवून दिलेलं असतं. गुडघ्याजवळचा बिंदू समजा निम्मा मांडीच्या हाडाचा, निम्मा पोटरीच्या. सांधा वळला की दोन्ही हाडं त्याला आपापल्या जागी बोलावतात आणि तो बिचारा दोन्हींची सरासरी काढून मध्ये उभा राहतो. ९० अंशांपर्यंत, म्हणजे खुर्चीत बसेपर्यंत, ही सरासरी डोळ्यांना पटते. उकिडवं बसताना गुडघा १५० अंशांच्या आसपास वळतो. तिथे सरासरी सांध्याच्या आत कोसळते. वाटी बसते, आकारमान कमी होतं.

दुसरं, जाळीला स्पर्श कळत नाही. खऱ्या माणसाची पोटरी मांडीवर दाबली गेली की मांस बाजूला फुगतं. इथे एक पृष्ठभाग दुसऱ्यातून सरळ पलीकडे जातो.

डॅझमध्ये हे बरं दिसतं, कारण सांधा ठराविक अंशात वळला की दुरुस्तीचे आकार आपोआप लागू होतील अशी तजवीज त्यांनी करून ठेवली आहे. ब्लेंडरमध्ये तुम्हीही करू शकता. आकृती उकिडवी बसवा, स्कल्प्ट करून, म्हणजे मातीसारखं दाबून-ओढून, गुडघा आणि पोटरी हाताने नीट करा आणि तो आकार 'शेप की' म्हणून ठेवून गुडघ्याच्या कोनाला जोडा. एकदा केलं की आजी जन्मभर नीट बसेल.

पण प्रश्न असा आहे, की गरज आहे का? वरून रेघ तुम्ही ओढणार. आजी नऊवारी नेसलेली. गुडघ्याची वाटी दिसणार आहे का कुठे?

गेरू

शून्य_एक_शून्य, हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

पेणचे_पाट

आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे. घरात गणपतीचा कारखाना, तीन पिढ्या. आता लहान मूर्तींचा मूळ नमुना मी संगणकावर घडवतो, त्रिमिती छपाई करून घेतो आणि त्यावरून रबराचा साचा. वडील अजून शाडूवरच हात ठेवून आहेत.

माणूस घडवणारं कोणतंही सॉफ्टवेअर दोन हातांचा माणूस देतं. मला चार हवेत. सुरुवातीला मी मेकह्यूमनच्या आकृतीचे हात उचलून मागे जोडले. ते चिकटवल्यासारखेच दिसायचे. वडिलांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मागचा खांदा कुठाय?" हात नुसता जोडून चालत नाही, त्याच्यामागे खांद्याचं हाड आणि छातीचा स्नायू आहे असं वाटायला लागतं. मूर्तीत पुढचे आणि मागचे हात एकाच गाभ्यातून फुटल्यासारखे यावे लागतात. तेव्हापासून तयार आकृती सोडली आणि झेडब्रशमध्ये गोळ्यापासून घडवतो. टॅबवर असलो तर नोमॅड स्कल्प्ट.

कोरा_कागद यांना हे सुचवत नाही, कारण तिथे शरीररचना हातात असावी लागते. पण बारीक काम म्हणून सांगतो, तयार आकृती घेतली तरी स्कल्प्टचे तीन-चार ब्रश शिका. म्हाताऱ्या माणसाचे कोपर, घोटे आणि मानेच्या शिरा स्लायडरने येत नाहीत.

वाईचे_मास्तर

"मागचा खांदा कुठाय?" वडिलांना माझा नमस्कार सांगा.

अंगुळभर

धागा मूर्तीकडे वळलाच आहे तर प्रमाणांबद्दल लिहितो. ही सॉफ्टवेअरं उघडली की उभा असतो तो साडेसात-आठ डोक्यांचा युरोपीय मापाचा माणूस. आपल्याकडे मापाची रीत वेगळी. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार दिलेत: हंस १०८ अंगुळं, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९०. म्हणजे एकच आदर्श माणूस नाही, पाच बांधे. १२ अंगुळांचा एक ताल, म्हणून हंस नवताल.

पुष्कळ जण नवताल म्हणजे नऊ डोक्यांचा असं समजून फार लांबुडकी आकृती काढतात. ताल म्हणजे तोंडाची लांबी, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत. वरचा माथा त्यात धरलेला नाही. डोकं माथ्यासकट धरलं तर तीच नवताल आकृती सातच्या थोडी वर जाते. दोन्ही परंपरा वाटतात तितक्या लांब नाहीत.

वाईचे_मास्तर

उत्तम. याला जोडून आजी आणि नातीबद्दल सांगतो. जन्मलेलं बाळ साधारण चार डोक्यांचं असतं, सहा वर्षांचं मूल पाच-सहा डोक्यांचं. मोठ्या बाईची आकृती लहान करून मूल होत नाही, ती ठेंगणी बाई होते. मेकह्यूमनमध्ये वयाचा स्लायडर असेल तर तोच वापरा, नुसती उंची कमी करू नका.

आजीचं उलट. तिची डोकी तरुणपणी होती तितकीच असतात, कणा वाकल्याने उंची हरवते. स्लायडरने चेहरा आणि अंग म्हातारं होईल, कणा तुम्हाला पोझ देताना वाकवायचा आहे. आणि नुसती पाठ वाकवून थांबू नका. पाठ पुढे गेली की मान वर होते, नाहीतर तिला समोरचं दिसणार नाही.

चपला_बाहेर

मी फक्त फोन वापरतो, कॉलेजात आहे. मॅजिक पोझर नावाचं ॲप आहे, ब्राउझरमध्ये पोझमायआर्ट आणि जस्टस्केचमी. त्यात चटकन पोझ मिळते. बांधा फार बदलत नाही, पण शिकणाऱ्याला पुरतं. लॅपटॉप नसलेले कुणी वाचत असतील म्हणून सांगितलं.

रंगपेटी

सरळ एआयला सांगा की, "नऊवारीतली आजी विळीवर बसलेली." दोन मिनिटांत चित्र.

गेरू

रंगपेटी, मी करून बघितलंय. विळी एकदाही आली नाही, सुरी आली. नऊवारीच्या जागी पाचवारी, पाठीमागे कासोटाच नाही. दहा वेळा सांगितलं तर दहा वेगळ्या आज्या आल्या. आणि मूळ तक्रारच ही आहे, की आजी एक राहत नाही. चित्र काढायचा आनंद हा भाग तर मी मध्ये आणतच नाही.

रंगपेटी

एकच आजी हवी हा मुद्दा माझ्या वाचण्यातून निसटला होता. बरोबर आहे तुमचं.

माळावरची_बाभळ

नऊवारीचं कुणी बोललं नाही अजून. मी नाटकांची वेशभूषा करते, त्या अंगाने लिहिते.

डॅझच्या दुकानात साडी म्हणून जे मिळतं ते बहुधा अंगावर शिवलेल्या झग्यासारखं असतं. नऊवारी हे साधारण सव्वाआठ मीटरचं न शिवलेलं कापड आहे. तिचा आकार शरीरातून येत नाही, नेसण्याच्या क्रमातून येतो: गाठ, निऱ्या, ओचा, मग कापड पायांमधून मागे नेऊन कासोटा, मग पदर. ब्लेंडरचं कापड असो किंवा मार्व्हलस डिझायनर, सपाट कापड अंगाभोवती गुंडाळून हे सगळं घडवणं शक्य आहे, मी एका ॲनिमेटरबरोबर आठ दिवस बसून केलं. उभ्या बाईवर छान बसली. बाई उकिडवी बसल्यावर निऱ्या मांड्यांत अडकून कापड थरथरायला लागलं. ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

तुम्ही साडी संगणकावर नेसवू नका. आकृती विनावस्त्र बसवा आणि साडी खऱ्या बाईवरून काढा. आई, मावशी, शेजारीण, कुणालाही नेसवून त्याच पोझमध्ये त्याच कोनातून फोटो घ्या. मोकळ्या उजेडात, एका बाजूने प्रकाश. बसल्यावर ओचा कुठे जातो आणि गुडघ्यावर कापड कसं ताणतं, ते बघितल्याशिवाय कळत नाही. रविवर्म्याच्या छापील चित्रांतल्या साड्या आजही खऱ्या वाटतात, कारण कापड बघून काढलेलं आहे.

कोरा_कागद

हे मी उद्याच करते. आईला सांगितलं, तिने कपाटातून आजीचं इरकल काढून ठेवलंय.

निळी_शाई

परवान्याबद्दल कुणीतरी लिहा. पुस्तक छापून विकलं जाणार आहे.

आडवा_छेद

थोडक्यात लिहितो. मेकह्यूमनमधून निर्यात केलेली आकृती सीसीझीरो, म्हणजे कोणतंही बंधन नाही. विका, वाटा, बदला. मात्र लोकांनी करून टाकलेले जास्तीचे कपडे-केस घेतलेत तर प्रत्येकाचा परवाना वेगळा बघा, काहींना श्रेय द्यावं लागतं. डॅझच्या आकृतीवरून तयार केलेलं सपाट चित्र छापायला, विकायला हरकत नाही. पण आकृतीची फाइल दुसऱ्याला देता येत नाही आणि गेममध्ये ती आकृतीच घालायची असेल तर वेगळा इंटरॅक्टिव्ह परवाना घ्यावा लागतो.

माझ्यावर एकदा हे शेकलंय. एका संकेतस्थळावरून फेटा उतरवून घेतला होता, काम छपाईला गेल्यावर लक्षात आलं की तो फक्त वैयक्तिक वापरासाठी होता. सगळे फेटे रात्री बसून हाताने पुन्हा काढले. तेव्हापासून प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या परवान्याचं पानही त्याच फोल्डरात जतन करतो.

जुना_खडू

आणखी एक. कोणतंही घ्या, पण पात्र ओबीजे किंवा एफबीएक्स स्वरूपात, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडेल अशा फाइलमध्ये, काढून स्वतःजवळ ठेवा. अ‍ॅडोबीचं फ्यूज नावाचं माणसं घडवायचं सॉफ्टवेअर होतं, २०२० मध्ये बंद झालं. ब्लेंडरसाठी मॅन्युएल बास्तियोनी लॅब होती, तीही मूळ कर्त्याने थांबवली. पण ती मुक्तस्रोत असल्याने लोकांनी 'एमबी-लॅब' म्हणून पुढे चालवली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती सात वर्षांनी निघाली तर आजी सापडली पाहिजे.

कोरा_कागद

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

ठरलं. आजी, नात आणि शेजारचे काका तिघेही एमपीएफबीमध्ये केले. डॅझही लावून बघितलं. गुडघे खरंच त्याचे चांगले, पण माझ्या लॅपटॉपला एक आकृतीसुद्धा जड जात होती आणि आजीचं वय विकत घ्यावं लागणार होतं. क्लिप स्टुडिओची चाचणी आवृत्ती वापरली. काकांसाठी ती पुरली असती, हाताळायला सगळ्यांत सोपी तीच. आजीने तिथे मला अडवलं. माझं पुस्तक तरुण मुलांचं असतं तर मी निळी_शाईंचं ऐकलं असतं.

आता रीत अशी आहे. ब्लेंडरमध्ये पोझ देते, चारी बाजूंनी फिरवून कोन ठरवते, साधं राखाडी चित्र काढून कृतामध्ये खालच्या लेयरवर ठेवते. त्याच कोनातून आईचा नऊवारीतला फोटो शेजारी संदर्भ म्हणून लावते. मग रेघ. उकिडव्या पोझसाठी शून्य_एक_शून्य यांनी सांगितलेली शेप की केली, फक्त मांडी-पोटरीच्या जागी. बाकी साडीखाली झाकलं जातं.

आईने एक गोष्ट पकडली. विळीच्या पोझमध्ये मी आजीच्या दोन्ही टाचा टेकवल्या होत्या आणि पाठ सरळ ठेवली होती. आई म्हणाली, अशी बसली तर भाजी चिरताना मागे पडेल. ती स्वतः बसली तेव्हा दिसलं: पाटावरचा गुडघा वर, दुसरा पाय आडवा घडी घालून, आणि सगळं अंग विळीवर कललेलं, कारण पात्यावर जोर वरून येतो. मास्तर वजन म्हणत होते ते हेच असावं. पोझ पुन्हा केली. मग तिसरं, अकरावं आणि सतरावं पान संपादकबाईंना पाठवलं. तिन्हींवर एकच आजी आहे असं त्यांचं उत्तर आलं.

वाईचे_मास्तर

हेच. आणि आईंची रेखाटनंही करा, फोटोवर थांबू नका.

चपला_बाहेर

ताई, विळीची ती पोझ मिळेल का? आमच्या कॉलेजच्या संगणकावर ब्लेंडर आहे. तयार पोझमध्ये खरंच काही सापडत नाही.

कोरा_कागद

हो, मूळ आकृती सीसीझीरो असल्याने देता येते. आजीचा चेहरा काढून साधी आकृती ठेवली आहे. फाइलमध्ये चार पोझ आहेत: उकिडवी, विळीची, मांडी घालून वेणी घालतानाची आणि फुंकणीची. दुवा व्यक्तिगत निरोपाने पाठवते, आणखी कुणाला हवा असेल तर सांगा. उकिडव्या पोझमध्ये डावा घोटा अजून नीट नाही, टाच टेकली की वर घडी पडते. मला ती काढता आली नाही. कुणाला जमलं तर दुरुस्त केलेली फाइल इथेच परत द्या.

शून्य_एक_शून्य

पाठवा. रविवारी बघतो.

माळावरची_बाभळ

मलाही. जात्यावर बसलेल्या दोघी समोरासमोर, खुंट्याला दोघींचे हात, ही पोझ मी करून त्यात घालते.